गो, नो-गो

रविवारी मायक्रोमीटर घरी आणला
जेवणाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून.
उद्यमबागेत अठरा वर्षं इन्स्पेक्शनला आहे,
एक वॉशर कधी गेटाबाहेर काढला नव्हता.

कॉटवर दोन ढीग.
एक कंपनीचा: पुण्याच्या आत्याने पाठवलेला खोका,
आत पुस्तिका, पुस्तिकेत एकही शब्द नाही,
नुसती चित्रं. बरं झालं,
कुठल्या भाषेत वाचायचं हे भांडण तरी वाचलं.
दुसरा खडेबाजारचा: जाळीची पिशवी, एकशे चाळीस,
घासाघीस करून एकशे वीस.
बसलिंगप्पा म्हणाला, "एनू फरक इल्ला री.
सेम टु सेम. पोरांना काय कळतंय?"

शर्वाणीला पहिल्या मिनिटात कळलं.
डोळे मिटून एकावर एक दाबते
आणि माझीच भाषा मला ऐकवते:
हा गो. हा नो-गो.
कंपनीचा बसताना 'टक्' म्हणतो.
पिशवीतला काहीच म्हणत नाही,
नाहीतर कुरकुरतो, पावसात फुगलेल्या दारासारखा.

मी मोजले.
कंपनीचे चाळीस, चाळिसांचं माप एकच,
केसभर इकडे नाही की तिकडे.
रागच आला मला.
आमच्या लाइनवर चाळिसात तीन तरी रिजेक्ट निघतात,
आणि ते लोखंड असतंय, खेळणं नव्हे.
पिशवीतले म्हणजे एकेक एकेका गावचा:
हिरवे सैल, पिवळे घट्ट, लाल वाकडे,
साच्यातून घाईने काढलेले,
कडेला प्लास्टिकची मिशी तशीच.
ती ब्लेडने खरवडताना वाटलं,
हे मशीन चालवणाऱ्याला मी ओळखतो.
शिफ्ट संपत आली असणार त्याची.

कंपनीच्या प्रत्येक बटणावर नाव आहे,
तिळाएवढं, भिंग लावावं लागलं.
आमच्या व्हॉल्व्हवर पण नाव असतंय.
आमचं नाही.
कास्टिंग इथलं, मशिनिंग इथलं, पास केल्याची सही माझी,
नाव पुढे लागतं, चाकणच्या पलीकडे कुठेतरी.
आणि तोच व्हॉल्व्ह मच्छ्यात, भरमाण्णाच्या शेडमध्ये
बिननावाचा होतो
आणि निम्म्या किमतीत हुबळी-गदगला जातो.
ट्रॅक्टर काही नाव वाचत नाही.
भरमाण्णाला आम्ही डुप्लिकेटवाला म्हणतो.
तो माझ्याच हाताखाली शिकला.

तोवर तिकडे घर उभं राहिलं होतं.
भिंती कंपनीच्या, आणि दाराला
तो सैल, हिरवा, नो-गो.
"हाच फिरतोय बाबा. बाकीचे नुसते बसतात."
मी वहीत हिरव्यापुढे मारलेली फुली
खोडली नाही, खरं बोट ठेवून झाकली.

एक पिवळा कंपनीच्या निळ्यात अडकला.
नखाने निघेना, चमच्याने निघेना,
पक्कड देत नाही म्हटल्यावर तिने दात लावला.

टक्.

निघाला तो दात.
दोन दिवस हलत होताच.
रडायचं की नाही हे तिने आरशात बघून ठरवलं,
मग माझ्या तळहातावर ठेवला: "हा पण मोज."

फडक्याने पुसला. स्पिंडल अलगद आणला.
या बाजूने पाच पॉइंट काहीतरी,
फिरवला की दुसरं, पुन्हा फिरवला की तिसरं.
ड्रॉइंग नाही, टॉलरन्स नाही,
वहीत रकाना सापडेना.
"गो की नो-गो?" जीभ फटीत घालून तिने विचारलं.
पिवळा आणि निळा अजून एकमेकांतच होते.